चुंबकाची गाडी आणि नरसीचा थांबा

गेल्या वर्षावासात आम्ही नरसी नामदेवला गेलो होतो. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. त्या दिवशीचे वाचन संपले, खीर झाली, आणि परतीच्या गाडीसाठी आम्ही हिंगोलीच्या रस्त्यावर थांब्यापाशी येऊन उभे राहिलो. सोबत विहारातलीच चार माणसे होती. त्यात आयटीआय झालेला एक तरुण होता. चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामाला असतो, सुटीवर गावी आला होता. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि आम्हाला एक चित्रफीत दाखवली. चीनमधली गाडी. चाके नाहीत, खडखडाट नाही, गाडी पट्टीवरून तरंगत चालली आहे.

"साहेब, ही गाडी आपल्याकडं कव्हा येणार?" त्याने विचारले.

आम्ही उत्तर देणार तेवढ्यात बाजूला पिशवी घेऊन बसलेली एक म्हातारी माउली म्हणाली, "हवेत चालती म्हंता, तर मंग आमच्या वस्तीपतुर येईल का वो?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु हिंगोलीपर्यंतच्या प्रवासात ते हसू जिरले आणि प्रश्न मात्र राहिला. तरुणाने विचारले, कधी येणार? माउलीने विचारले, कुठपर्यंत येणार? आमच्या मते दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे. मंत्रालयात, नियोजनाच्या बैठकांत आणि मोठ्या वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत पहिला प्रश्न रोज विचारला जातो. दुसरा विचारणारे तिथे कोणी नाही. म्हणून हा लेख.

गाडी तरंगते कशी?

ज्या गोष्टीवर बोलायचे ती आधी समजून घेतली पाहिजे, ही बाबासाहेबांची शिस्त. चुंबकाचा गुण शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. सारखी टोके एकमेकांना ढकलतात, विरुद्ध टोके ओढतात. याच गुणावर ही गाडी चालते. जर्मन पद्धतीत गाडीचा खालचा भाग मार्गाच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी कवटाळून असतो. त्यातले विद्युतचुंबक खालून वरच्या पट्टीकडे ओढले जातात आणि सबंध गाडी साधारण एक सेंटिमीटर उचलली जाते. जपानी पद्धतीत अतिशय थंड केलेले शक्तिमान चुंबक गाडीत असतात आणि गाडी सुमारे दहा सेंटिमीटर उचलली जाते. मात्र तिला आधी ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेग घ्यावा लागतो, तोवर ती रबरी चाकांवरच पळते. पुढे ढकलण्यासाठी सरळ रेषेतली मोटार असते. पंख्यातली गोल मोटार चिरून लांब अंथरली तर जे होईल, ते.

घर्षण नाही म्हणून चाकाची झीज नाही, आवाज कमी. चढ सहज चढते. शहरातल्या वळणावळणाच्या उंच मार्गावर ती उपयोगी पडू शकते. हे सारे खरे आहे आणि ते नाकारण्याचे आम्हाला कारण नाही.

ही कल्पना आजची नव्हे. हर्मन केंपर या जर्मन अभियंत्याला १९३४ मध्ये तिचे पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या विमानतळावर १९८४ मध्ये सहाशे मीटरची चुंबकी गाडी सुरू झाली आणि सुटे भाग मिळेनात म्हणून १९९५ मध्ये बंद पडली. चीनच्या शांघायमध्ये विमानतळापासून तीस किलोमीटरची गाडी २००४ च्या जानेवारीपासून नियमित धावू लागली. तिने ताशी ४३१ किलोमीटर वेग गाठला, जगात नाव झाले. जपानच्या नागोया शहराजवळ मार्च २००५ मध्ये सुमारे नऊ किलोमीटरची 'लिनिमो' सुरू झाली. ती वेगासाठी नव्हती, रोजच्या शहरी प्रवासासाठी होती. चीनमधल्या चांगशा शहरात २०१६ मध्ये आणि बीजिंगमध्ये २०१७ च्या अखेरीस अशाच कमी वेगाच्या शहरी गाड्या आल्या. चांगशाची गाडी चीनने स्वतःच्या तंत्रावर उभी केली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

बर्लिनची कथा तर मुद्दाम सांगितली पाहिजे. शहराच्या मधोमध भिंत होती. भिंतीने जुना भुयारी रेल्वेमार्ग तोडला होता. त्या मोकळ्या पडलेल्या जागेवर पश्चिम बर्लिनने दीड-एक किलोमीटरची चुंबकी गाडी उभारली. १९८९ मध्ये भिंत पडली. मग सरकारने काय केले? १९९१ मध्ये ही नवलाची गाडी उचलून टाकली आणि दोन्ही बाजूंना जोडणारा जुना मार्ग पुन्हा सुरू केला. भिंत पडल्यावर कोणती गाडी हवी, हे त्यांना समजले. आमच्याकडच्या भिंती अजून उभ्या आहेत, म्हणून आम्हाला नवलाच्या गाड्यांचे आकर्षण जास्त.

रोटीबेटी व्यवहार नसलेली गाडी

या गाडीत एक मोठा दोष आहे. तिचा जुन्या रुळांशी रोटीबेटी व्यवहार नाही. ती फक्त स्वतःच्या मार्गावर चालते. साध्या रुळावर ती येऊ शकत नाही आणि तिच्या मार्गावर दुसरी गाडी जाऊ शकत नाही. त्यामुळे ती जिथे संपते तिथे प्रवाशाला उतरावेच लागते. शांघायची गाडी शहराच्या मध्यभागी जात नाही, लाँगयांग रोड स्थानकावर प्रवाशाला उतरून मेट्रो पकडावी लागते. ती हांगझौ शहरापर्यंत वाढवायची ठरली तेव्हा २००८ च्या जानेवारीत मार्गालगतचे रहिवासी रस्त्यावर उतरले आणि ते काम अडले. जर्मनीने ज्या तंत्राचा जगभर प्रचार केला, त्याच जर्मनीने म्युनिचच्या विमानतळाची चुंबकी गाडी मार्च २००८ मध्ये रद्द केली. कारण खर्चाचा अंदाज १८५ कोटी युरोंवरून तीनशे कोटींच्या पुढे गेला होता. श्रीमंत देशालाही तो परवडला नाही.

रुळाला रूळ न जुळण्याचे दुःख हिंगोलीच्या माणसाला नवीन नाही. पूर्णा-हिंगोली-अकोला हा आमचा मार्ग मीटरगेज होता. बाकी देश ब्रॉडगेजवर धावत असताना आमचा माणूस मुलेबाळे आणि बोचकी घेऊन गाडी बदलत होता. पूर्णा ते अकोला ब्रॉडगेज झाले ते २००८ मध्ये. म्हणजे शांघायची गाडी तरंगू लागल्यावर चार वर्षांनी आम्हाला रुंद रूळ मिळाला.

महाराष्ट्राला दाखवलेली स्वप्ने

आता आपल्या राज्याकडे या. २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या राइट्स या संस्थेने देशातल्या चार मार्गांवर चुंबकी गाडीसाठी कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. त्यातला एक मार्ग नागपूर-मुंबई होता. त्या मार्गावर आजवर एक इंचही गाडी तरंगलेली नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत उद्योगपतींची परिषद भरली. तिचे नावच 'मॅग्नेटिक महाराष्ट्र' होते. त्या परिषदेत पंतप्रधानांच्या उपस्थितीत मुंबई-पुणे हायपरलूपचा करार झाला. हायपरलूप म्हणजे हवा काढून घेतलेल्या नळीतून चुंबकावर तरंगत जाणारा डबा. पंचवीस मिनिटांत पुण्याहून मुंबई, असे सांगितले गेले. २०१९ मध्ये राज्य सरकारने त्याला सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जा दिला. खर्चाचा आकडा सुमारे सत्तर हजार कोटी रुपये सांगितला जात होता. आणि त्या वेळी या तंत्राने जगात कुठेही एकाही प्रवाशाची वाहतूक केलेली नव्हती! माणसे बसवून पहिली चाचणी झाली ती नोव्हेंबर २०२० मध्ये, अमेरिकेच्या नेवाडा वाळवंटात. नळीची लांबी पाचशे मीटर, वेग ताशी १७२ किलोमीटर. २०२२ मध्ये त्या कंपनीने निम्मी माणसे कामावरून काढली आणि प्रवाशांऐवजी मालवाहतुकीकडे वळत असल्याचे जाहीर केले. ३१ डिसेंबर २०२३ ला कंपनीच बंद झाली.

कोणी म्हणेल, कंपनीचा पैसा गेला, तुमचे काय गेले? आमचे उत्तर असे की सरकारचा वेळ, सरकारचे अधिकारी, सरकारचा शब्द आणि जमिनीवरचा सरकारचा अधिकार हे सारे जनतेचे भांडवल असते. ते कुठे लावायचे याचा हिशोब मागण्याचा जनतेला हक्क आहे. साधा हिशोब करू. एका साध्या बसची किंमत चाळीस लाख धरली, तर सत्तर हजार कोटींत पावणेदोन लाख बसगाड्या होतात. आपल्या सबंध एसटीकडे अलीकडच्या वर्षांत पंधरा-सोळा हजारांच्या आसपास गाड्या राहिल्या आहेत. पावणेदोन लाख गाड्या घ्या असे आम्ही म्हणत नाही. स्वप्नाचे माप आणि गरजेचे माप शेजारी ठेवून बघा, एवढेच म्हणतो.

मुंबईच्या मोनोरेलचेही उदाहरण घ्या. ती चुंबकावर चालत नाही, एका तुळईवर रबरी चाकांनी चालते. पण 'नवे तंत्र आणले की प्रश्न सुटला' या विचाराची परीक्षा तिच्यात झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा सुरू झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये म्हैसूर कॉलनी स्थानकापाशी डब्यांना आग लागली आणि दहा-एक महिने सेवा बंद राहिली. गाड्या परदेशी, सुटे भाग परदेशी. २०१८ च्या अखेरीस ठेकेदार कंपनीचा करार रद्द करावा लागला. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात पाचशेहून अधिक प्रवासी भरलेली मोनोरेल उंचावर अडकली आणि अग्निशमन दलाने शिड्या लावून माणसे उतरवली. २० सप्टेंबर २०२५ पासून सुधारणांसाठी ती बंद ठेवण्यात आली. बर्मिंगहॅमच्या गाडीला जे झाले तेच मुंबईत झाले. तंत्र विकत घेता येते, पण ते राखणारे हात आणि सुटे भाग घरचे नसतील तर ते तंत्र आपले होत नाही.

आणखी एक तारीख वाचकांनी विसरू नये. १४ सप्टेंबर २०१७ ला मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली. त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी, २९ सप्टेंबरला, मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. एका बाजूला लाखभर कोटींची गाडी, दुसऱ्या बाजूला एक रुंद जिना. जिना मिळाला नाही.

बाबासाहेब यंत्राच्या बाजूने होते

एवढे वाचल्यावर कोणी आमच्यावर विज्ञानविरोधाचा शिक्का मारील. त्याचे उत्तर आधीच देतो. आम्ही बाबासाहेबांचे अनुयायी आहोत, चरख्याचे नव्हे. गांधीवाद्यांनी यंत्राला पाप ठरवले तेव्हा बाबासाहेबांनी १९४५ मधल्या त्यांच्या ग्रंथात त्याचा कडाडून समाचार घेतला. यंत्रामुळे माणसाला पशूसारख्या राबण्यातून सुटका मिळते, फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. ज्याच्या बापजाद्यांनी डोक्यावर ओझी वाहिली त्याला यंत्राचा राग येण्याचे कारण नाही.

परंतु बाबासाहेबांनी दुसरीही गोष्ट सांगितली. यंत्र कोणाच्या हातात आहे ते पाहा. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली. त्याच वर्षी कार्ल मार्क्सने लिहिले की रेल्वेतून येणारी आधुनिक कारखानदारी भारतातल्या जातींचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढील. भाकीत चांगले होते. काही प्रमाणात ते खरेही ठरले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात सोवळेओवळे टिकले नाही. परंतु जात रुळाखाली चिरडली गेली नाही, ती तिकीट काढून डब्यात बसली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच भाषणात त्यांनी दाखवून दिले की आमचा माणूस रेल्वेत गँगमन म्हणूनच राबतो, त्याला हमालाचीसुद्धा जागा मिळत नाही. कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे सांगितली जात आणि अस्पृश्याला घरात कसे घेणार! इंजिन विलायती होते, वाफ शास्त्राची होती, पण हमालाची जागा मनुस्मृती ठरवत होती.

स्थानकापासून वस्तीपर्यंत

आता माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. वस्तीपर्यंत येईल का?

बाबासाहेबांच्या आयुष्यातले दोन प्रवास आठवा. १९०१ साल. साताऱ्याहून लहानगा भीम भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्थानकापर्यंत रेल्वेने आणले. तिकिटाचे पैसे दिले, गाडीत बसले, कोणी अडवले नाही. खरा प्रवास सुरू झाला तो स्थानकाबाहेर. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, मुलांनीच बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर गाडी मिळाली. रात्रभर पाण्यावाचून तो प्रवास झाला.

१९२९ साल. आता ते विलायतेतून शिकून आलेले बॅरिस्टर होते, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. चाळीसगाव स्थानकावर रेल्वेने सुखरूप उतरवले. स्थानकापासून महारवाड्यापर्यंत नेण्यास एकही टांगेवाला तयार झाला नाही. वस्तीतल्या माणसाने टांगा हाकला, त्याला सवय नव्हती, पुलावर घोडा बिथरला आणि बाबासाहेब दगडावर फेकले गेले. पाय मोडला.

दोन्ही वेळा रेल्वे दोषी नव्हती. रेल्वेने तिचे काम केले. घात झाला तो स्थानक ते वस्ती या शेवटच्या टप्प्यात. जिथे सरकारची गाडी संपते आणि खासगी माणसाच्या मर्जीची गाडी सुरू होते, तिथे. आमचा सगळा मुद्दा हाच आहे. वाहतुकीतली समता मोठ्या गाडीच्या वेगात मोजता येत नाही. ती शेवटच्या टप्प्यात मोजावी लागते.

आज तो टांगा राहिला नाही. त्याच्या जागी काळी-पिवळी आणि ॲपेरिक्षा आल्या आहेत. त्या चालवणारी पुष्कळ माणसे आपल्यासारखीच पोटासाठी राबणारी आहेत, त्यांच्याशी आमचे वैर नाही. पण ज्यांनी गावातल्या तंट्यांच्या फिर्यादी चालवल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की गाव बिनसले की पहिल्यांदा किराणा बंद होतो, दळण बंद होते आणि गाडीत जागा नसते. १९७८ च्या नामांतराच्या दिवसांत मराठवाड्याने हे भोगले आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने सार्वजनिक वाहन नाकारणे गुन्हा ठरवले. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा गुन्हा झाला. राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ मध्ये अंमलात आला. कायदे आहेत. परंतु 'जागा नाही' असे म्हणणाऱ्याच्या मनात काय होते, हे न्यायालयात सिद्ध करणे किती अवघड असते ते आम्ही वकिलांना विचारा. त्यापेक्षा लाल डब्याची एसटी हा मोठा बंदोबस्त आहे. ती सरकारची आहे. तिचा कंडक्टर जात विचारून तिकीट फाडत नाही. वस्तीतल्या माणसाला ती तालुक्याला, कोर्टात, दवाखान्यात, कॉलेजात नेते. आमच्या दृष्टीने ती चार चाकांवरचे संविधान आहे.

मराठवाड्याला याचा जुना इतिहास आहे. १९३२ मध्ये निझामाच्या राज्यात रेल्वे खात्यानेच २७ गाड्यांची बससेवा सुरू केली. रेल्वे आणि बस एका खात्याच्या हाताखाली! म्हणजे रेल्वेने जिथे सोडले तिथून पुढे बसने न्यावे, हा विचार नव्वद वर्षांपूर्वी सरंजामी राजवटीला सुचला. पुढे १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि 'गाव तिथे एसटी' हे धोरण झाले. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्यांनी मुलींना शाळेत पोहोचवले. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. या चांगल्या गोष्टी आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याच एसटीचे कामगार २०२१-२२ मध्ये साडेपाच महिने संपावर होते, ते काय हौसेने? त्या काळात सर्वांत आधी घरी बसल्या त्या वाड्यावस्त्यांवरच्या मुली. जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले. तरंगत्या नळीला राज्य सरकार प्रकल्पाचा दर्जा देते आणि एसटीला तोट्याचे गणित शिकवते, हा न्याय कुठला?

जमीन कोणाची, मोबदला कोणाला?

गाडी हवेत तरंगली तरी तिचे खांब जमिनीतच रोवावे लागतात. ती जमीन कोणाची? मराठवाड्यात आमच्या पुष्कळ बांधवांनी गायरान कसून पोट भरले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारने १९९१ मध्ये काढला, तरी अनेकांची नावे सातबाऱ्यावर लागली नाहीत. प्रकल्प आला की मोबदला सातबारावाल्याला मिळतो. कसणारा हात चोळत बसतो.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत तीन वर्षांपासून त्या जमिनीवर राबणारा शेतमजूर येतो. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांसाठी कलम ४१ मध्ये वेगळ्या तरतुदी आहेत. खासगी भागीदारीच्या प्रकल्पाला सत्तर टक्के बाधितांची संमती लागते. ही ढाल चांगली आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम १०५ ने रेल्वे, मेट्रो आणि राष्ट्रीय महामार्गांचे जुने भूसंपादन कायदे बाजूला ठेवले. मोबदला आणि पुनर्वसनाचे तक्ते त्यांना २०१५ पासून लागू झाले, पण सामाजिक परिणामांचे मूल्यांकन सुटले. म्हणजे पैसे मोजले जातील, माणसे मोजली जाणार नाहीत. हिंगोली जिल्ह्याला शक्तिपीठ महामार्गाच्या निमित्ताने २०२४ पासून या प्रश्नाची झळ लागली आहे. उद्या चुंबकी गाडी आली तर ती याच दाराने येईल. तेव्हा कागद आजच जमवा. गायरान कसणाऱ्याने दंडाच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी, ग्रामपंचायतीचे दाखले एका पिशवीत घालून ठेवावेत. खटल्यात तीच पिशवी कामाला येते.

संविधानाच्या कलम १९ ने देशभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क दिला आहे. ज्याच्या वस्तीला गाडी नाही त्याच्यासाठी हा हक्क पुस्तकातच राहतो. कलम ३८ राज्याला सांगते की वेगवेगळ्या प्रदेशांत राहणाऱ्या लोकांमधली विषमता कमी करा. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला, त्यात रस्तेही होते. कलम ३७१ खाली मराठवाड्याला वैधानिक विकास मंडळ मिळाले, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. बिनचाकांच्या गाडीवर परिषदा भरतात, अनुशेषावर मात्र चर्चा बंद.

आमच्या मागण्या

तेव्हा आमची भूमिका स्पष्ट आहे. चुंबकी गाडीला विरोध नाही. शहरात ती खरोखर स्वस्त आणि टिकाऊ ठरत असेल तर अवश्य आणा. परंतु क्रम बदला. आधी शेवटचा टप्पा, मग पहिला वेग.

पहिली मागणी. कोणत्याही नव्या शहरी गाडीच्या मंजुरीआधी तिच्या प्रत्येक स्थानकापासून कष्टकरी वस्त्यांपर्यंत कोणती बस, किती वेळाने, किती भाड्यात जाणार, हे आराखड्यात लेखी असले पाहिजे. आमचा चाकणचा तरुण सकाळी कारखान्याला पोहोचतो की नाही, त्यावरून त्या गाडीचे यश ठरले पाहिजे.

दुसरी. तंत्र विकत घेताना ते शिकवण्याची आणि सुटे भाग इथे बनवण्याची अट घाला. २०२१ मध्ये भेल या सरकारी कंपनीने एका स्विस कंपनीशी चुंबकी गाडीसाठी करार केला. अशा करारांतून आमच्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनातल्या मुलांना काय मिळणार, ते सांगा. खासगी कंपनीच्या नोकरीला आरक्षणाचा कायदा लागू नाही. म्हणून सार्वजनिक पैशाच्या प्रकल्पात नोकऱ्याही सार्वजनिक हव्यात. १९३८ चा गँगमन पुन्हा कंत्राटी सफाईवाला होऊन खांबाखाली उभा राहता कामा नये.

तिसरी. मेट्रो, रेल्वे, महामार्ग यांना सामाजिक परिणामांच्या मूल्यांकनातून दिलेली सूट काढा.

आणि वाचकांनी स्वतः करायचे काम. सरकारकडे बोट दाखवून घरी बसणे हा आपला मार्ग नव्हे. आपल्या आगाराकडे माहिती अधिकारात एक साधा अर्ज द्या. आपल्या गावाला वेळापत्रकात किती फेऱ्या आहेत, गेल्या बारा महिन्यांत किती रद्द झाल्या, कोणत्या कारणाने? उत्तर आले की ते ग्रामसभेत वाचा आणि वस्तीपर्यंत फेरीचा ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या. ठरावाची नक्कल पालकमंत्र्यांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि आगाराला. कागदाला कागद लावल्याशिवाय हक्क चालत नाही.

नरसीहून औंढा नागनाथ दूर नाही. तिथली कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेव शिंपी कीर्तनाला उभे राहिले, पुरोहितांनी त्यांना देवळाच्या मागे हाकलले, आणि मग देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, असे सांगतात. दगडाचे देऊळ फिरत नाही, हे आम्ही बौद्ध जाणतो. पण माणसाला मागे हाकलले गेले, ही गोष्ट खरी मानायला आम्हाला चमत्काराची गरज नाही. समोर उभ्या असलेल्यांकडेच तोंड करून बसलेल्या व्यवस्थेला मागे उभ्या असलेल्यांकडे फिरवायचे, हे काम कोणताही चमत्कार करत नाही. ते संघटित माणसे करतात.

त्या दिवशी नरसीच्या थांब्यावर गाडी आली. लाल होती, चाके होती, खडखडाटही होता. माउलीने अर्ध्या तिकिटाचे पैसे मोजले आणि खिडकीशी बसली. मधल्या एका थांब्यावर ती उतरली आणि पिशवी सावरत आडवाटेला लागली. तिथून तिची वस्ती किती लांब आहे, ते आम्ही विचारले नाही. विचारायला हवे होते. पुढच्या वेळी अर्जाचा कागद बरोबर घेऊन जाणार आहोत.

जयभीम!